जवळच्या विहिरीचं पाणी

आमच्या घरात तेव्हा सगळं पिवळं होतं. मायचे हात पिवळे, आत्याचे हात पिवळे, भाकरीवर बोटं उमटायची तीही पिवळी, आणि छबीचं झबलं कितीही आपटून धुतलं तरी पिवळंच राहायचं. वसमतच्या कडेला, हळदीच्या आडती संपतात तिथून पुढं आमची वस्ती होती. हंगामात माय शेतांवर हळद शिजवायला जायची, हंगाम सरला की आडतीवर बसून हळद निवडायची. हळदीचा वास छान असतो असं लोक म्हणतात. लग्नातल्या हळदीचा असेल. कढईत शिजणाऱ्या हळदीचा वास ओल्या मातीसारखा उग्र असतो आणि एकदा नाकात बसला की भाकरीलाही तोच येतो. दिवसभर ढोलांचा आवाज चालायचा. लोखंडी जाळीच्या ढोलात वाळलेली हळद टाकून दोघं दोघं माणसं दांडा फिरवायची, आणि आतली हळकुंडं एकमेकांवर घासून चकचकीत व्हायची. तो गडगडाट थांबला की समजायचं, जेवायची वेळ झाली. आमच्याकडं घड्याळ नव्हतं.

एकच खोली, तीन बाजूंनी पत्रे आणि एका बाजूला कुडाची भिंत. बा हमाल होता. ट्रक भरायला वारंगा फाट्यावर जायचा तो आठ-आठ दिवस तिकडंच. घरात राज्य आत्याचं. ती बाची थोरली बहीण, नवरा वारल्यावर आमच्याकडं आली आणि आल्या दिवसापासून चुलीची मालकीण झाली. माय तिच्यापुढं मान वर करत नसे. सकाळी ज्वारीच्या कण्या, दुपारी भाकरी आणि मिरचीचा ठेचा, रात्री अंबाडीची भाजी, आणि हे सगळं आत्या वाढील तेवढंच. मी चौथीपर्यंत शिकले. मग छबी झाली, तिला धरायला कुणीतरी पाहिजे म्हणून माझी शाळा सुटली. तेव्हा मला वाईट वाटलं नाही. आता वाटतं, पण आता वाटून उपयोग काय?

आमची जात कोणती हे सांगायला मला लाज नाही. पण वाचणारा तेवढंच धरून बसतो, म्हणून सांगत नाही. एवढं सांगते की गावातल्या हॉटेलात आम्हाला चहा मिळायचा तो बाहेर उभं राहून, आणि पेला विसळून ठेवायचा तो आम्हीच.

शिवकांता आमच्याकडं आली ती कॉलेजातल्या पोरापोरींच्या शिबिराबरोबर. दहा दिवस त्यांनी सांडपाण्याचे खड्डे खणले, फोटो काढले आणि गेली. ही एकटी मात्र पुढच्या रविवारी परत आली आणि मग येतच राहिली. तिच्या बापाचं गावात किराणा दुकान होतं, लिंगायत वाण्याचं घर. उंच, काळीसावळी, दोन वेण्या वर बांधलेल्या, आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीची लहान डबी. आम्ही पोरी त्या डबीकडंच बघायचो. एकदा मी विचारलं, "ताई, त्येच्यात काय हाय?"

"आमचा देव आहे. लिंग. जन्मल्यावर बांधतात, मेल्यावरही सुटत नाही."

"रोज पूजा करतीस?"

"करते ना. आई आंघोळ झाल्याबरोबर मागंच लागते. पटकन उरकते आणि पळते कॉलेजला." मग हसून म्हणाली, "परीक्षेच्या दिवशी मात्र सावकाश करते."

ती बायकांना सह्या करायला शिकवायची, पोरांची नखं कापायची. आणि दर वेळी एकच गोष्ट डोक्यात घालायची, की नाल्याकाठची विहीर सोडा. वस्तीला दोन विहिरी होत्या. एक जवळची, नाल्याच्या अगदी कडेला, मचूळ पाण्याची. दुसरी कापसाच्या जिनिंगच्या पलीकडं, गोड पाण्याची, पण जाऊन येऊन तास मोडायचा आणि तिथं रांग असायची. "नाल्यातलं सगळं त्या विहिरीत झिरपतं," ती म्हणायची. "लांबचंच आणा, आणि तेही उकळून प्या." बायका हो हो म्हणायच्या. मायनं मात्र ते खरंच मनावर घेतलं, कारण छबी अंगावरची सुटायला आली होती आणि तिला वरचं पाणी लागत होतं. तेव्हापासून लांबच्या विहिरीच्या रोज दोन खेपा माझ्या वाट्याला आल्या.

आणि सगळं सांगणारी ही शिवकांता आमच्या घरचा पाण्याचा थेंब पीत नव्हती. पिशवीत आपली बाटली घेऊन यायची. उन्हात तोंड सुकलेलं असायचं, पण मायनं पेला पुढं केला की "आत्ताच पिले" म्हणायची. मायला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. आत्या मात्र मोजत होती. "वाण्याची पोरगी हाय ती," ती म्हणायची. "आपली नखं कापंल, पर आपलं पानी न्हाई पिणार."

आता माझं सांगते. आठ-दहा दिवस मी लांबच्या विहिरीला गेले. मग ऊन वाढलं. डोक्यावर घागर, कडेवर दुसरी, पायाखाली तापलेली माती, आणि रांगेत मोठ्या बायका मला मागं ढकलायच्या. एक दिवस मी जवळच्या विहिरीवर दोन्ही घागरी भरल्या आणि उरलेला वेळ ढोलांपाशी सावलीत बसून काढला. घरी कुणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. मग तीच सवय झाली. माय विचारायची, "रांग व्हती का गं?" मी म्हणायची, "लई व्हती." मी तेरा वर्षांची होते. लहान होते असं म्हणून मी सुटका करून घेणार नाही. विहीर कोणती चांगली आणि कोणती वाईट, हे मला बरोबर ठाऊक होतं.

पंधरवड्यानं वस्तीत जुलाब-उलटी सुरू झाली. शेजारच्या गयाबाईचं लेकरू तिसऱ्या दिवशी गेलं. उशिरा का होईना, दवाखान्यात नेलं होतं, पण तिथं पोचेपर्यंत त्याच्यात काही उरलं नव्हतं. ज्या दिवशी त्याला मातीत ठेवलं त्याच दिवशी पहाटे छबीला लागली. दुपारपर्यंत तिचे डोळे आत गेले, ओठ पांढरे पडले, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. रडायची तेव्हा डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. जीभ बाहेर काढून ओठ चाटत होती. पाणी मागत होती हे कुणालाही कळलं असतं. पण आत्यानं पाण्याची भांडी उचलून वर फळीवर ठेवली होती.

"खालून वाहून राहिलं तर वरून वतायचं काहून?" ती म्हणाली. "पोट कोरडं पडलं की आपसूक थांबतंय. माझी तीन लेकरं मी अशीच बरी केली." तिची पाच झाली होती, त्यातली दोन राहिली नव्हती. पण हे तिला कोण म्हणणार?

शिवकांता त्या दिवशी गयाबाईकडं आली होती. तिथून आमच्या दारात आली, छबीला बघितलं आणि चप्पल न काढताच आत शिरली. "हिला पाणी काय दिलं?"

मायनं आत्याकडं बघितलं. आत्या म्हणाली, "पानी बंद हाय."

"आत्याबाई, लेकराच्या अंगातलं पाणी संपलंय. दवाखान्यात नेऊच आपण, पण या उन्हात कोरडं नेलं तर वाटेतच जाईल. एक तांब्या पाणी उकळा. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ. चमच्या-चमच्यानं पाजायचं. द्या, मी करते."

"तू थांब," आत्या म्हणाली. ती आवाज चढवत नसे, म्हणूनच तिची भीती वाटायची. "गयाला बी तूच पानी पाज म्हन्ली व्हतीस ना?"

"त्यांनी पाजलं नाही."

"बरं झालं. न्हाईतर तुझ्या नावानं बोंब झाली असती." आत्या उठून फळीपाशी जाऊन उभी राहिली. "सा महिने झाले तू येऊन राहिली. आमच्या घरात बसतीस, आमच्या लेकरांचं शेंबूड पुसतीस. आमचं पानी कदी पिलीस? आमचं पानी तुझ्या नरड्याखाली उतरत न्हाई, अन् आमच्या मरत्या लेकराला पाज म्हन्तीस व्हय?"

शिवकांताचा चेहरा उतरला. माय पहिल्यांदा बोलली, "वन्सं, आसं नका बोलू, तिनं..."

"तू गप. मी काय खोटं बोलले का? विचार तिला."

"खरं आहे," शिवकांता म्हणाली. "मी नाही पिले."

"मंग आदी तू पी. आमच्या रांजणातलं, आमी पितो तसं. उकळून बिकळून न्हाई. तू पिलीस तर मी चूल पेटवते. न्हाई पिलीस तर चप्पल हायच पायात, जा."

आत्यानं फळीवरचा पेला काढला, रांजणात बुडवला आणि तिच्यापुढं धरला. बाहेर ढोल चालूच होते. छबीनं पेल्याकडं मान वळवली. शिवकांतानं पेला हातात घेतला, आत बघितलं आणि मग माझ्याकडं बघून विचारलं, "गोदा, पाणी कुठलं आहे?"

मी उंबऱ्यावर उभी होते. रांजण मीच भरला होता, सकाळी, जवळच्या विहिरीवरून. माय माझ्याकडं बघत होती. आत्या माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, "लांबच्या विहिरीचं."

आज मी तिथं असते तर तिच्या हातातला पेला हिसकावून ओतून दिला असता. पण आज मी तिथं नाही आणि तेव्हा मी काहीच केलं नाही. खरं सांगितलं तर मार बसेल, ही भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही होती की मग सगळ्यांना कळेल, छबीला मी मारलं.

शिवकांतानं चप्पल बाहेर काढून ठेवली, पाय धुतले आणि मातीवर मांडी घालून बसली. गळ्यातली डबी उघडली. आतून काळं, गुळगुळीत, बोराएवढं लिंग काढलं आणि डाव्या तळहातावर ठेवलं. आमच्यासमोर तिनं ती डबी कधी उघडली नव्हती. दारात बायका जमल्या होत्या, त्या पुढं सरकल्या.

"आत्याबाई," ती म्हणाली, "आमच्यात जे तोंडात घालायचं ते आधी याला द्यायचं असतं. माझी आई म्हणते, तिथलं पाणी याला चालणार नाही. मीही तेच धरून बसले, विचारलं कधीच नाही. थांबा, आता यालाच विचारते."

तिनं पेल्यातल्या पाण्याची बारीक धार लिंगावर धरली. पाणी तळहातात साचलं. डोळे मिटून ती काहीतरी पुटपुटली. फार वेळ लागला असं मला वाटलं, पण मला त्या दिवशी सगळंच फार वेळ लागल्यासारखं वाटत होतं. मग लिंग उजव्या हाताच्या बोटांनी उचलून डोळ्यांना लावलं, तळहातातलं पाणी पिली आणि पेला तोंडाला लावला. पहिल्या घोटाला ती थांबली. गळा जागच्या जागी थांबलेला मला दिसला. मग तिनं आख्खा पेला रिकामा केला आणि पालथा घातला.

आत्यानं पालथा पेला उचलून आत बघितलं. म्हणाली, "मंग? काय म्हन्ला तुझा देव?"

"काही नाही म्हणाला. पिला."

दारातली एक बाई फिस्सकन हसली. आत्या हसली नाही. तिनं चुलीपाशी बसून काटक्या मोडल्या.

पाणी उकळलं, परातीत ओतून निववलं, आणि शिवकांतानं त्यात मीठ आणि गूळ घालून चव बघितली. "डोळ्यातल्या पाण्याहून खारट नको," ती मायला सांगत होती. छबीला तिनं मांडीवर घेतलं. एक चमचा, मग थांबायचं, मग दुसरा. पाचव्या चमच्याला छबीनं सगळं ओकून टाकलं आणि आत्या म्हणाली, "बग." शिवकांता म्हणाली, "ओकू द्या," आणि परत पहिल्या चमच्यापासून सुरू केलं. मी चूल सांभाळत होते. ढोल थांबले, परत सुरू झाले, भाकरी कुणी थापली नाही. मायचा हात दुखला की शिवकांता पाजायची, तिचा दुखला की माय. मला कुणी चमचा दिला नाही आणि मी मागितला नाही. दर चमच्याला मी छबीच्या गळ्याकडं बघत होते, घोट उतरतो का. देवाचं नाव मी घेतलं नाही. घेण्याची माझी छाती नव्हती.

ऊन कुडाच्या भिंतीवरून उतरून दाराबाहेर गेलं तेव्हा शिवकांता एकदम "अगं!" म्हणाली आणि ताठ झाली. मला वाटलं, संपलं. आत्यानं पुढं होऊन छबीच्या मांडीखाली हात घातला, हात बाहेर काढून बघितला.

"मुतली," आत्या म्हणाली. "मुतली गं बाई."

पहाटेपासून छबीला लघवी झाली नव्हती. शिवकांताची साडी पार भिजली होती आणि ती वेड्यासारखी हसत होती. आत्यानं तिला आपलं लुगडं नेसायला काढून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी छबीला दवाखान्यात नेलं, तिथल्या बाईनं सांगितलं की हेच पाजत राहा. चार दिवसांत ती भाकरीचा तुकडा हातात धरून बसली.

पुढच्या रविवारी शिवकांता आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वस्तीत बातमी आली की वाण्याची पोरगी आजारी आहे, जुलाब लागलेत, फार अशक्त झाली आहे. माय म्हणाली, "लांबचं पानी बी बाधलं की काय तिला?" मी तिथून उठून गेले. तिसऱ्या रविवारी मी कुणाला न सांगता गावात गेले. दुकानाच्या पायरीखाली उभी राहिले, वर चढले नाही. तिनं आतून बघितलं, बाहेर येऊन पायरीवर बसली आणि मलाही शेजारी बसवलं. गालाची हाडं वर आली होती.

"छबी कशी आहे?"

"चांगली हाय. चावती."

"चावू दे."

मी म्हणाले, "ताई, ते पानी जवळच्या इहिरीचं व्हतं."

"माहीत आहे मला."

"कवा कळलं?"

"पहिल्या घोटाला. लांबचं पाणी गोड आहे असं तुमच्याच बायका सांगतात. ते गोड नव्हतं."

"मंग थुकलीस काहून न्हाई?"

"थुंकले असते तर तुझ्या आत्यानं छबीच्या तोंडाला पाणी लागू दिलं असतं?"

मी रडले नाही. नख पायरीच्या दगडावर घासत बसले. ती म्हणाली, "मला पण भीती वाटली गोदा. चौथ्या दिवशी तर वाटलं की आता नाही उठत. आई म्हणत होती, भलत्याच ठिकाणचं पाणी देवाला घातलंस, त्याची ही शिक्षा. मी म्हणले, आई, जुलाब पाण्यानं झालेत, देवानं नाही."

"तुझ्या आईला कसं कळलं? कुनी सांगितलं?"

"मीच. त्याच दिवशी, आत्याबाईंच्या लुगड्यात घरी गेले तेव्हा."

"काहून सांगितलं? कुनाला कळणार व्हतं?"

"मला कळलं होतं ना." तिनं गळ्यातली डबी मुठीत धरली. "आई म्हणते, स्वामींना बोलावून लिंग पुन्हा बांधून घे. मी म्हणले, ते सुटलंच कुठं आहे? उलट आतापर्यंत ते आईनं बांधलेलं होतं. आजारात उठवत नव्हतं, तर पडल्या पडल्या हातावर घ्यायचे. कॉलेजची घाई नाही, कुणी मागं लागलेलं नाही. नुसतं बघत राहायचे. आधी मी पूजा उरकायचे गोदा. आता उरकत नाही." हे सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती, रस्त्याकडं बघत होती. घरात तिला त्या दिवसापासून स्वयंपाकघरात येऊ दिलं नव्हतं, ताट वेगळं ठेवलं होतं. ती ते सर्दी-खोकल्याचं सांगावं तसं सांगत होती.

मला तिचा देव तेव्हाही कळला नाही आणि आताही कळत नाही. मला विचाराल तर छबी मीठ-गुळानं वाचली. पण पेला हातात धरून बसलेल्या त्या पोरीकडं मीठ-गुळाशिवाय आणखी काहीतरी होतं, नाहीतर ती पहिल्या घोटाला थांबली तिथंच थांबली असती. त्याला नाव काय द्यायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

उठताना तिनं विचारलं, "मायला सांगितलंस?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"सांग."

"मारंल."

"मारील एकदा. सांग तरी."

मी "व्हय" म्हणाले आणि घरी आले. त्या दिवसापासून लांबच्या विहिरीच्या दोनाच्या तीन खेपा केल्या, लग्न होऊन जाईपर्यंत एकही चुकवली नाही. माय सगळ्यांना सांगायची, माझी गोदी फार गुणाची, सांगावं लागत नाही. शिवकांता आणखी वर्षभर येत होती, मग तिचंही लग्न झालं. जाताना तिनं मला परत विचारलं नाही, नुसतं बघितलं. तिनं आपल्या घरी त्याच दिवशी सांगितलं होतं. मी मायला सांगितलं नाही. माय शेवटच्या आजारात माझ्याच घरी होती, तीन महिने होती, तेव्हाही नाही. गयाबाईच्या घरीही माझ्याच खेपेचं पाणी कधी गेलं होतं का, हे मी आजवर स्वतःला आठवू दिलेलं नाही. तिची घागर मी दोनदा भरून दिली होती, एवढं मात्र आठवतं.

छबी आता कळमनुरीला असते, तिलाच दोन नातवंडं आहेत. या सोमवारी ती येणार आहे, चार दिवस राहील. तिला वाचता येत नाही. हे मीच वाचून दाखवीन.